सगळ्या बर्फाला चालेल अशी एकच स्की – पारखायची कशी?

टेकडीवाला | ११ जानेवारी, रात्री ९:४०

लोकहो, आजवर भाड्याच्या स्कीवर भागवलं, आता स्वतःची जोडी घ्यायची आहे. एकच. गॅरेजमध्ये दोन जोड्यांची जागा आहे, पण गृहमंत्रालयाची मंजुरी एकीलाच मिळाली आहे.

मुक्काम डेन्व्हर, पास आयकॉनचा (एकाच पासवर बरेच रिसॉर्ट), जाणं मुख्यतः विंटर पार्क आणि कॉपर या रिसॉर्टना. उंची १७३ सेमी, वजन ७८ किलो, चाळिशी ओलांडलेली. निळे (मध्यम) उतार मजेत, काळे (कठीण) जरा दात-ओठ खाऊन, डबल डायमंडला (सगळ्यात अवघड) लांबूनच नमस्कार.

घोडं पेंड कुठे खातं ते सांगतो. इथे एकाच दिवसात चार तऱ्हांचा बर्फ भेटतो. सकाळी मशीन फिरवून रेघा काढलेला कडक उतार, अकरापर्यंत त्याचे झालेले ढिगारे, झाडांमध्ये शिल्लक राहिलेला भुसभुशीत, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी दक्षिणेकडच्या उतारांवर नुसता चिखल. दुकानात गेलो तर विक्रेता भिंतीवरच्या प्रत्येक स्कीबद्दल 'ही सगळीकडे चालते' म्हणतो. कंबर (स्कीची मधली रुंदी) ८८ मिमी असो, ९४ असो नाहीतर १००, उत्तर तेच.

तेव्हा कोणती घेऊ यापेक्षा, ती खरंच सगळीकडे चालते का हे मी स्वतः कसं तपासू, ते सांगा. ब्रँडची नावं घेतलीत तरी राग नाही.

---

बंडूची_आई | ११ जानेवारी, रात्री १०:०२

वाचतेय. आमच्याकडे उलटं आहे. गृहमंत्रालयाला स्की हवी आहे आणि अर्थमंत्रालय फाइल दाबून बसलंय.

---

खडूस_काका | ११ जानेवारी, रात्री १०:३१

८४ च्या वर जाऊ नका. विषय संपला.

बरं, संपत नाही म्हणता तर ऐका. मी न्यू जर्सीत राहतो, जातो व्हरमाँटला. रात्री पाऊस, पहाटे गोठण, आणि सकाळी त्यावर मशीन फिरवून वरवरच्या रेघा. पहिल्या शंभर माणसांनी त्या खरवडून नेल्या की खाली निळसर, चकचकीत बर्फ उघडा पडतो. तिथे तुमची शंभर मिमीची फॅशन काय करते ते बघायला या, कॉफी माझ्याकडून.

आम्ही शिकलो तेव्हा २०५ सेमीच्या सरळसोट पट्ट्या असायच्या. नव्वदीच्या दशकात एलानची एससीएक्स आली, टोकाला आणि शेपटीला रुंद, मधे बारीक. ती नुसती कलवली की आपोआप वळायची. तेवढा शोध आम्हाला पुरला. त्यानंतरचं सगळं मार्केटिंग.

---

हिमगौरी | ११ जानेवारी, रात्री ११:१५

काका, एकदा टाहोला (कॅलिफोर्नियात) या, मग बोलू. आमच्याकडे वादळं थेट पॅसिफिकवरून येतात, बर्फ पडतो तो ओला आणि जड. इथल्या पॅलिसेड्स रिसॉर्टला वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची ८४ घेऊन उतरा, भिजवलेल्या कणकेत पाय रुतल्यासारखं होईल. टोक खाली, मुंडकं पुढे.

टेकडीवाले, ९८-१०० घ्या. माझ्याकडे सॅलोमनची क्यूएसटी ९८ आहे. टोकाला कॉर्क घातलेला आहे म्हणून की काय, ढिगाऱ्यांत दणके कमी बसतात. कडक उतारावर जरा मेहनत पडते, पण पडते तर पडते.

---

शेवग्याची_शेंग | ११ जानेवारी, रात्री ११:२०

नाचता येईना, अंगण ८४ मिमी!

---

खडूस_काका | १२ जानेवारी, सकाळी ६:०५

शेंगताई, अंगण वाकडं नाही, गोठलेलं आहे.

---

आल्प्सवासी | १२ जानेवारी, दुपारी १:४०

झ्युरिकहून लिहितोय. दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या डोंगरांबद्दल बोलताय.

इथे बहुतेक लोक ग्रूम केलेल्या (मशीनने सारवलेल्या) पिस्टवरच, म्हणजे आखून दिलेल्या उतारांवरच असतात. खांबांच्या बाहेर गेलात की तुमची जबाबदारी तुमच्यावर, तिथे अव्हलांचसाठी (हिमस्खलनासाठी) कोणी पहारा देत नाही. म्हणून लाओस किंवा दावोसच्या लिफ्टच्या रांगेत अजूनही सत्तर-ऐंशीच्या कंबरेच्या स्की भरपूर दिसतात. अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीतली झाडं, बोल्स (वाटीसारखे मोकळे उतार), सगळंच स्की-पेट्रोल म्हणजे सुरक्षा पथकाच्या देखरेखीखाली, त्यामुळे तिकडचा सामान्य स्कीअरही न सारवलेल्या बर्फात शिरतो. त्याला रुंद स्की लागते. 'ऑल-माउंटन' म्हणताना कोणता माउंटन हे आधी ठरवावं लागतं.

एक सोय मात्र इथली फार आवडते. बऱ्याच दुकानांत 'टेस्ट-स्की' भाड्याने मिळते. सकाळी एक, जेवणानंतर दुसरी.

(टिटलिसला आपली मंडळी अजून साध्या बुटांत फोटो काढताना भेटतात. त्यांना कंबर विचारली तर वेगळीच सांगतील.)

---

हिमगौरी | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:१२

लाओस??

---

आल्प्सवासी | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

लाक्स! लाक्स! फोनचा कीबोर्ड आग्नेय आशियात गेला होता.

---

डावीकडून_तिसरा | १२ जानेवारी, रात्री ८:५५

मी शनिवार-रविवार एका ट्यूनिंगच्या दुकानात हात काळे करतो, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या स्कीच्या पोटाखालचं सगळं बघायला मिळतं. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

टेकडीवाले, तुम्ही दुकानात स्की वाकवून बघितली असेल, सगळेच बघतात. त्यातून फार कळत नाही. त्यापेक्षा जोडीतल्या दोन्ही स्की तळव्याला तळवा लावून उभ्या धरा आणि बाजूने बघा. मधे फट दिसते तो कॅम्बर. तुम्ही वर उभे राहिलात की ती दबते आणि कड बर्फावर लांबवर टेकते. कडक उतारावरची पकड तिथून येते. मग बघा की टोकाजवळ दोन्ही स्की कुठून एकमेकींपासून सुटतात. तो रॉकर. टोकापासून जितका आत, तितकी स्की भुसभुशीत बर्फात वर तरंगणार, पण कडक बर्फावर टेकणारी कड तितकी आखूड. म्हणूनच दोन १७५ च्या स्की सारख्या लांबीच्या वाटत नाहीत. शेपटीकडेही बघा. सपाट, ताठ शेपूट वेगात भरवसा देते आणि मोगल्समध्ये (उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांत) मागे झुकलात की शिक्षा करते. तुम्ही विंटर पार्कला जाता म्हणजे मेरी जेन (तिथला मोगल्सचा भाग) आलंच, हा मुद्दा सोडू नका.

कंबरेचं गणित साधं आहे. स्की जितकी रुंद, तितकी कड बुटाच्या मध्यरेषेपासून लांब. कडक बर्फावर ती कलती ठेवायला घोट्याने आणि गुडघ्याने जास्त ताकद लावावी लागते. चाळिशीनंतर दुपारी तीनला हे जाणवतं. रेसिंगच्या स्कीची कंबर पासष्टच्या आसपास असते ती उगाच नाही.

काका, मार्केटिंगबद्दल अर्धं मान्य. पण शेन मॅकॉन्की या स्कीअरने वोलांट कंपनीकडून स्पॅट्युला ही स्की करून घेतली ती २००१-०२ च्या सुमारास. कॅम्बर उलटा, बाजूची वक्रताही उलटी. कडक उतारावर भयंकर, खोल पावडरमध्ये (ताज्या, भुसभुशीत बर्फात) स्वर्ग. आज तुमच्या ८४ च्याही टोकाला थोडा रॉकर असेल, तो त्या वेडेपणातून झिरपलेला आहे. घरी जाऊन बघा.

आता चाचणी. डेमो (पारखायला भाड्याने मिळणारी स्की) घेताना पहिलं काम म्हणजे अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढणं. नखाचा बारीक पांढरा कीस निघाला तर धार आहे. नख नुसतंच घसरलं तर स्की परत द्या आणि दुसरी मागा. डेमोच्या स्की दगडांवरून जाऊन आलेल्या असतात. बोथट कडेवर चांगली स्कीसुद्धा बर्फावर निसटते आणि लोक मॉडेलला नावं ठेवतात. तळव्यावर पांढरट, कोरडे डाग दिसले तर मेणही नाही.

बूट स्वतःचे घाला. सगळ्या जोड्या एकाच दिवशी, एकाच उतारावर, तुमच्यासाठी सारख्याच लांबीच्या वर्गातल्या घ्या. आणि पहिली फेरी सकाळच्या रेघांवर मारून 'वा वा' म्हणू नका. रेघांवर सगळ्याच छान चालतात, सब घोडे बारा टक्के. खरी परीक्षा अकरानंतर, कापलेल्या ढिगाऱ्यांत, जरा वेगात. तिथे टोक फडफडतं का, स्की ढिगातून सरळ जाते की प्रत्येक ढिगावर बाजूला ढकलली जाते, ते बघा. मग मुद्दाम अगदी हळू, अरुंद कॅटट्रॅकवर (उतारांना जोडणाऱ्या सपाटशा रस्त्यावर). बऱ्याच दमदार स्की हळू चालवल्या की लाकडाचा ओंडका होतात, आणि आपण दिवसातला बराच वेळ हळूच असतो. शेवटची फेरी पाय दमलेले असताना. दमलेल्या पायांना जी माफ करते, ती तुमची.

कडेवर दाब देताना एक ऐका. कुरकुर असा सलग आवाज आला तर कड धरून आहे. खरखर-थांब-खरखर आली तर ती निसटतेय आणि पुन्हा पकडतेय.

अजून एक. डेमोची बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) रुळावर मागेपुढे सरकणारी असते, नेहमीपेक्षा जड. त्यामुळे तुमची स्वतःची जोडी डेमोपेक्षा थोडी हलकी लागेल. पण त्याच रुळाचा फायदाही घ्या. दुकानदाराला सेंटिमीटरभर पुढे सरकवायला सांगून एक फेरी मारा. कधीकधी वळायला नाखूश असलेली स्की तेवढ्यानेच ऐकायला लागते.

---

बंडूची_आई | १२ जानेवारी, रात्री ९:१०

तिसरे, नखावर नेलपॉलिश असेल तर?

---

डावीकडून_तिसरा | १२ जानेवारी, रात्री ९:१४

नवऱ्याचं नख वापरा.

---

सिंहगडरोड | १३ जानेवारी, सकाळी १०:३०

तुमचं हे ऐकून हेवा वाटतो. मी गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाच्या संस्थेत कोर्स केला. तिथे स्की पारखायची नसते, स्की आपल्याला पारखते. रांगेत जी जोडी हातात येईल ती आपली.

पण प्रश्नाशी संबंध आहे म्हणून लिहितो. गुलमर्गला ग्रूम केलेला भाग खाली आणि मधल्या कोंगडोरीच्या आसपास, तोही थोडाच. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफारवतच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरला सोडतो, आणि तिथून पुढे सगळं नैसर्गिक. वर वाऱ्याने दाबलेला कडक थर, मधे मऊ, खाली झाडांत उन्हाने बसलेला. एकाच उतरणीत तिन्ही. परदेशातून येणारे बहुतेक शंभरच्या वरच्या रुंद स्की घेऊन येतात. आणि त्यांच्या पाठीवर बीकन, प्रोब, फावडं (बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढायला) असतं, जे आपल्या हौशी मंडळींकडे क्वचित दिसतं. स्कीच्या कंबरेपेक्षा ते आधी घ्या.

२०२४ च्या जानेवारीत तिथे बर्फच नव्हता. ऐन चिल्लई कलानमध्ये (काश्मीरमधल्या सगळ्यात कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत) तपकिरी मैदान. त्या दिवसांत ८४ आणि १०० सारख्याच उपयोगाच्या होत्या.

---

शेवग्याची_शेंग | १३ जानेवारी, सकाळी १०:४४

औलीला जायचं म्हणत होतो आम्ही.

---

सिंहगडरोड | १३ जानेवारी, सकाळी ११:०२

जोशीमठ खचल्यानंतर २०२३ च्या जानेवारीत तिथला मोठा रोपवे बंद केला. जायचं तर रस्त्याने जा, आणि निघायच्या आधी चौकशी करा. औलीचे उतार शिकायला मात्र छान, समोर नंदादेवी.

---

पायपोस | १३ जानेवारी, रात्री ८:२०

सगळे स्कीवर बोलताय, बुटांचं कोणी बोलतच नाहीये. टेकडीवाले, बूट स्वतःचे आहेत का? नसतील तर हा धागा बंद करा आणि बूटफिटरकडे जा. पाऊल बुटात हललं तर कोणतीही स्की उशिरा वळते, मग ती ८४ असो की १००. आणि बुटावर लिहिलेला फ्लेक्सचा (ताठरपणाचा) आकडा एका कंपनीचा दुसऱ्या कंपनीशी जुळत नाही, त्यावर विसंबू नका.

बायकोचे बूट एका दुकानाने (नाव घेत नाही) 'आरामदायक वाटतंय ना?' असं विचारून दीड साइज मोठे विकले. ती पूर्ण हंगाम स्कीला शिव्या देत होती.

---

टेकडीवाला | १३ जानेवारी, रात्री ९:०५

बूट आहेत, फिटरकडून शेल तापवून घेतलेले. स्कीपेक्षा महाग पडले. घरी सांगितलेलं नाही, कृपया इथेच राहू द्या.

---

बंडूची_आई | १३ जानेवारी, रात्री ९:०७

स्क्रीनशॉट घेतला आहे.

---

मोरपंखी | १४ जानेवारी, सकाळी ७:५०

अवांतर: कॉपरच्या कॅफेटेरियात गरम पाणी फुकट मिळतं. तयार उपम्याचं पाकीट आणि थर्मास न्यायचा. शेजारच्या टेबलावरचे गोरे लोक वास घेऊन विचारायला येतात. तिथल्या एका बर्गरच्या किमतीत इथे आठवड्याची भाजी येते.

---

हिमगौरी | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

थालीपीठ खिशात ठेवा, लिफ्टवर खाता येतं. गुळपोळी नको, थंडीत दात पडेल.

---

आल्प्सवासी | १४ जानेवारी, दुपारी २:१५

आज संक्रांत, म्हणून तिळगूळ घ्या, आणि काका व हिमगौरी, दोघांनी गोड बोला.

---

खडूस_काका | १४ जानेवारी, दुपारी ४:४८

गोड बोलतो. तिसऱ्याने सांगितलं म्हणून स्की तळव्याला तळवा लावून पाहिल्या. टोकाला रॉकर आहे. थोडासाच. उत्पादकाने मला विचारलं नव्हतं.

तरीही मुद्दा कायम. एकच स्की सगळ्याला म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. त्यापेक्षा कडक बर्फाची एक चांगली जोडी घ्या, आणि वर्षातून जे चार दिवस ढगफुटी होईल तेव्हा रुंद भाड्याने आणा.

---

डावीकडून_तिसरा | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:३५

काका, हा मात्र लाखमोलाचा सल्ला आहे, आणि कोलोरॅडोलाही लागू पडतो. लोक स्की घेताना फोनमधले फोटो आठवतात. फोटो पावडरच्याच दिवशी काढले जातात, कारण बाकीच्या दिवशी थंडीत हातमोजा कोण काढणार? मग हंगामातल्या त्या मोजक्या सकाळींसाठी १०५ ची स्की येते आणि उरलेला हंगाम ती ग्रूम केलेल्या उतारावर ओढत न्यायची. आमच्याकडे ट्यूनिंगला येणाऱ्या रुंद स्कींचे तळवे पाहिले की कळतं, त्या कुठे चालतात.

टेकडीवाले, तुम्ही आय-७० महामार्गावर आयझनहावर बोगद्याच्या रांगेत उभे असता ते शनिवारी. वादळ मंगळवारी येऊन गेलेलं असतं. तुमच्या वाट्याला येतो तो चार दिवस तुडवलेला, पण कोरडा बर्फ. त्याच्यासाठी ८८ ते ९६ पुरे. टाहोला असता तर हिमगौरीचं ऐका म्हटलं असतं, व्हरमाँटला असता तर काकांचं.

धातूबद्दल राहिलं. टिटॅनल म्हणजे ॲल्युमिनियमचाच मिश्रधातू. त्याचे पत्रे आत असले की स्की जड होते पण थरथर शोषते. तुमच्या वजनाला ते झेपतं. ५५ किलोच्या माणसाला तीच स्की वाकतच नाही, मग तो म्हणतो स्की वाईट. रिव्ह्यू वाचताना लिहिणाऱ्याचं वजन आधी बघा, तारे नंतर.

---

गारवा_११ | १५ जानेवारी, रात्री ११:५०

+१. मी ५२ किलो. भावाची जड स्की घेऊन गेले आणि ती मला घेऊन गेली.

---

टेकडीवाला | २४ फेब्रुवारी, रात्री ८:३०

धागा वर काढतोय. आज विंटर पार्कला डेमो घेतला, तिसऱ्याच्या नियमांनुसार. पाय अजून थरथरताहेत, गरम पाण्यात बसून लिहितोय.

नख ओढलं. पहिल्याच जोडीवर घसरलं. मुलगा कुरकुरला, पण त्याने दुसरी दिली.

नॉर्डिकाची एन्फोर्सर ९४: दोन टिटॅनलचे पत्रे, उचलताना वजन कळतं. सकाळच्या रेघांवर सलग कुरकुर, आवाज खरंच ऐकू येतो! पण खरी गंमत साडेअकराला आली. खालच्या मोठ्या उतारावर ढिगारे झाले होते, मी सवयीने गुडघे आखडून घेतले, आणि ती मधून शांतपणे आरपार निघून गेली. मेरी जेनच्या मोगल्समध्ये मात्र दर वळणाला वजन लक्षात येत होतं. तिथे मी थांबून थांबून देखावा बघितला.

क्यूएसटी ९८: हिमगौरी, तुम्ही का प्रेमात आहात ते समजलं. झाडांत शिरल्यावर जिथे म्हणीन तिथे शेपूट सरकते. सावलीतल्या घोटलेल्या पट्ट्यावर कड लावायला मात्र घोट्याने ओव्हरटाइम केला.

एक हलकी कार्बनची जोडीही होती, नाव राहू द्या. मोगल्समध्ये नाचली, हळू चालवायला सगळ्यात सोपी. दुपारच्या ढिगाऱ्यांत टोक इतकं फडफडलं की मला वाटलं बाइंडिंग सुटलं.

मुलाला सांगून एन्फोर्सरची बाइंडिंग सेंटिमीटरभर पुढे सरकवली आणि परत मोगल्समध्ये गेलो. फरक पडला! जादू नाही, पण शेपूट लवकर सुटायला लागली.

शेवटची फेरी तिच्यावरच मारली, पाय संपलेले असताना. पडलो नाही.

आता ९४ नक्की. लांबी ठरत नाही. हनुवटीच्या वरची घेऊ की कपाळापर्यंतची?

---

हिमगौरी | २४ फेब्रुवारी, रात्री ८:५२

घोट्याचा ओव्हरटाइम! कडेची धार दोन अंशांच्या कोनात होती की तीन, विचारलंत का?

---

टेकडीवाला | २४ फेब्रुवारी, रात्री ८:५८

नाही. नख घसरलं नाही एवढ्यावरच खूश होतो.

---

डावीकडून_तिसरा | २४ फेब्रुवारी, रात्री ९:४०

छान लिहिलंत. टोकाला रॉकर आहे आणि वजन ७८, म्हणजे तसं नाक-कपाळाच्या मधली चालेल. पण स्की जड आहे आणि मोगल्स-झाडं तुमचा कच्चा भाग, म्हणून दोन लांब्यांच्या मधे अडकलात तर आखूड घ्या. उलट तुम्ही फक्त मोठ्या उतारांवर वेगात जाणारे असता तर लांब म्हटलं असतं.

बाइंडिंग घेताना ब्रेकची रुंदी बघा. ९४ ला १०० च्या आसपासचा ब्रेक हवा. ९० चा बसत नाही, ११५ चा बाहेर लोंबतो आणि कलल्यावर बर्फात अडकतो. बुटाचा तळ ग्रिपवॉक (चालायला सोपा, वक्र) असेल तर बाइंडिंगवरही तसं लिहिलेलं पाहिजे. आणि डिनचा आकडा (पडताना बूट किती जोराने सुटेल ते ठरवणारा) यूट्यूब बघून घरी फिरवू नका. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक आहात, यावरून दुकानात लावून आणि मशीनवर तपासून घ्या. तिथे 'आक्रमक' सांगताना मित्रांसमोर असल्यासारखं सांगू नका. गुडघा तुमचा आहे.

घाई नसेल तर एप्रिलपर्यंत थांबा, या हंगामाचा माल उतरतो. फक्त मधल्या लांब्या आधी संपतात.

---

खडूस_काका | २५ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

९४. हम्म. मध्यममार्गी बौद्ध झालात. पुढच्या वर्षी व्हरमाँटला घेऊन या, बघू कुरकुर येते का खरखर. कॉफीचं निमंत्रण अजून आहे.

---

पायपोस | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:३५

आणि ब्रेकसकट एकूण बिल किती झालं ते इथे लिहू नका. बंडूची आई वाचतेय.

---

बंडूची_आई | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:४१

वाचतेयच. पण आता माझा प्रश्न. बंडू अकरा वर्षांचा, वजन ३४ किलो, दर वर्षी चार बोटं वाढतो. त्याच्यासाठीही हे सगळं नख, कुरकुर, रॉकर करायचं का?

---

डावीकडून_तिसरा | २५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

नाही हो. त्याला हंगामभराच्या भाड्याने घ्या, हनुवटीपर्यंत लांबीची, मऊ. बूट मात्र समोर बसवून तपासा, 'पुढच्या वर्षीही होतील' म्हणून मोठे घेऊ नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, दिवाळीपर्यंत थांबलात तर त्याच्या मापाचे बूट उरणार नाहीत.